घरची हंडी आणि बाजारची भट्टी

वर्धा जिल्ह्यात १९७४ सालापासून दारूबंदी आहे. महात्माजींनी १९३६ साली ज्या शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, वास्तव्य केले, त्या भूमीच्या लौकिकास शोभावे म्हणून ती झाली, आणि तिच्या हेतूविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. शंका आहे ती तिच्या नेमाविषयी. नदीनाल्यांच्या काठी पुरलेले सडव्याचे पिंप पोलीस फोडतात, भट्टी विझवितात, आणि थोड्याच दिवसांत तीच भट्टी दोन शेते पलीकडे पेटते. हा खेळ वर्षानुवर्षे चालू आहे.

कायद्याच्या दृष्टीने दारू गाळणारे सारे एकच. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, ज्यास आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, त्याच्या ६५ व्या कलमात पिंपांनी माल काढून गावोगाव पोहोचविणारा भट्टीवाला आणि देवाला धार द्यावयाची म्हणून चार वाट्या मोहाची गाळणारे गोंड कुटुंब यांत भेद नाही. व्यवहारात मात्र भेद आहे, आणि तो उलटा आहे. भट्टीवाल्यास वकील मिळतो, जामीनही मिळतो. हंडीवाल्याची मजुरी बुडते.

घरी दारू गाळण्याची मनाई हे दारूबंदीचे अपत्य आहे असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती मनाई सरकारी तिजोरीच्या पोटी जन्मली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा झाला, तो लोकांनी पिऊ नये म्हणून नव्हे, तर सरकारास कर भरल्यावाचून पिऊ नये म्हणून. १८९२ साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला, तोही त्याच हिशेबाने. पुढे देशभक्तांनी दारूबंदी आणिली, तेव्हा मक्तेदाराच्या हितासाठी घातलेले हे कुलूप तसेच राहिले; फक्त त्यावर नीतीची मोहोर उमटली.

महात्माजींचा रोष या उत्पन्नावर किती होता, हे वर्धेकरांस सांगावयास नको. मुलांचे शिक्षण दारूच्या पैशावर चालावे याची त्यांस चीड होती, आणि १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेत स्वावलंबी शिक्षणाचा विचार पुढे आला, त्याचे एक कारण ही चीड होय. घरची हंडी त्यांस मान्य झाली असती असे आम्ही म्हणत नाही. खचित झाली नसती.

मग आम्ही तिची बाजू का घेतो? एक कारण विषाचे. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली, ती मिथेनॉल या कारखानी द्रव्यामुळे. मोहाच्या फुलामुळे नव्हे. असे द्रव्य पिंपात ओततो तो विकणारा. स्वतः पिणारा आपल्या हंडीत ते कशास ओतील? दुसरे कारण शेजारचे. मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींच्या कुटुंबांस घरच्या उपयोगापुरती मोहाची दारू ठरावीक मर्यादेत गाळण्याची व बाळगण्याची मुभा आहे. दूरच्या न्यूझीलंडात १९९६ पासून कोणाही प्रौढास स्वतःपुरते गाळता येते. विकता मात्र येत नाही. आपल्या राज्याने २०२१ साली मोहफुले गोळा करण्यावरील व त्यांच्या वाहतुकीवरील निर्बंध उठविले. फूल मोकळे झाले, हंडी मात्र गुन्हेगार राहिली!

आता खरा आक्षेप. तो आम्हांस कोणा पुढाऱ्याने नव्हे, खेड्यातील बायकांनी ऐकविला आहे: "घरी मुभा दिलीत, तर नवरा घराचेच दुकान करील, आणि मार आम्ही खाऊ." यावर आमच्यापाशी पुरे उत्तर नाही. पण मुभा द्यावयाचीच तर ती गावच्या स्त्रियांच्या गुप्त मतदानानेच द्यावी आणि त्याच मार्गाने काढूनही घेता यावी, एवढे आम्ही सांगतो. दुकान बंद करण्यासाठी 'उभी बाटली, आडवी बाटली' असे स्त्रियांचे मतदान ज्या राज्याच्या नियमांत बसते, तेथे हंडीसाठी ते का बसू नये? मुभा फक्त मोहफुलाची, मोजक्या मापाची असावी. गूळ व नवसागर घातलेला सडवा तीत येऊ नये. आणि एक पेलाभर विकला तरी ती कायमची जावी.

येथे आमच्या व्यापारी वाचकांस दोन शब्द. काळा, कुजका गूळ पोत्यांनी आणि नवसागर किलोंनी कोण नेतो, कशासाठी नेतो, हे आर्वीपासून हिंगणघाटापर्यंतच्या किती दुकानदारांस ठाऊक नाही? सभेत खादीची टोपी घालून दारूबंदीच्या ठरावास हात वर करावयाचा आणि संध्याकाळी तेच पोते मागील दाराने द्यावयाचे, हा हिशेब वहीत लिहिला जात नसला तरी गावास तोंडपाठ असतो. नवसागर नेणाऱ्याचे नाव व वजन नोंदविण्याचा नेम व्यापारी मंडळांनी आपण होऊन उद्यापासून घालावा. त्यास विधिमंडळाची वाट पाहण्याचे कारण नाही. हंडीची मुभा मात्र कायदा बदलल्यावाचून मिळणार नाही. तो प्रश्न जिल्ह्यातील आमदारांनी विधानसभेत मांडावा, आणि मांडण्यापूर्वी कारंजा, आष्टी व समुद्रपूर तालुक्यांतील पाड्यांवर जाऊन तेथील बायकांस विचारावे.