रिपोर्टातली गादी आणि पाठीतलं दुखणं

‘एमआरआय काढला, गादी सरकलेली निघाली. आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही.’ हे वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की ऐकणाऱ्याला ते सिद्ध झालेलं शास्त्रच वाटायला लागावं. व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टाचा फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न असतो: ‘करावंच लागेल ना?’ दुखतंय नेमकं कुठे, कळ पायात उतरते का, किती दिवस झाले, यातलं काहीही त्या मेसेजमध्ये नसतं. रिपोर्टात जे छापलंय तोच आजार, हे घरात आधीच ठरून गेलेलं असतं.

या समजाचा राग येतो, कारण त्याची किंमत माणसं रोज मोजतात. पस्तिशीतली आई मुलाला उचलून घ्यायचं सोडते. चांगला हिंडता-फिरता माणूस जमिनीवर बसणं, वाकणं, चालायला जाणं एकेक करून बंद करतो आणि स्वतःला कायमचा अधू समजायला लागतो. काही जण ज्याची गरज नव्हती त्या ऑपरेशनला तयार होतात. आणि हे सगळं ज्या गृहीतकावर उभं आहे, ते तीस वर्षांपूर्वीच कोसळलेलं आहे.

आधी गादीबद्दल. दोन मणक्यांच्या मधली ही चकती कुठेही सैल ठेवलेली नसते. तिची बाहेरची चिवट तंतूंची कडी वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट जोडलेली असते, आत पाण्याचं प्रमाण जास्त असलेला मऊ गर असतो. त्यामुळे ती जागची निसटत नाही. कडीचा घेर थोडा बाहेर फुगू शकतो. कडीला चीर पडून गर बाहेर येऊ शकतो. कधी त्या गराचा तुकडा सुटाही होतो. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि त्यांचं पुढे काय होतं तेही वेगळं आहे. बोलताना मात्र तिन्हींना आपण ‘गादी सरकली’ म्हणतो.

आता चाळिशीतल्या माणसाचा नेहमीचा रिपोर्ट पाहा. ‘एल ४-एल ५ पातळीवर डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज पोस्टिरियर बल्ज, थिकल सॅकवर इंडेंटेशन, दोन्ही बाजूंना सौम्य फोरॅमिनल नॅरोइंग.’ वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. यातलं एल ४-एल ५ म्हणजे कमरेचा चौथा आणि पाचवा मणका. डेसिकेशनचा अर्थ, गादीतलं पाणी कमी झालंय म्हणून ती फिल्मवर काळी दिसते. बल्ज म्हणजे घेर थोडा फुगलाय. इंडेंटेशन म्हणजे मज्जातंतूंच्या पिशवीला तो फुगवटा टेकलाय. फोरॅमिनल नॅरोइंग म्हणजे नस बाहेर पडते ती वाट किंचित अरुंद झालीय. दुखणं यातूनच येतंय, असं या ओळींत कुठेही लिहिलेलं नाही. तो निष्कर्ष वाचणारा काढतो, आणि दुर्दैवाने कधी कधी डॉक्टरही काढतात.

हा निष्कर्ष बरोबर की चूक हे ठरवायचं तर नुसते दुखणारे लोक तपासून भागत नाही. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही त्यांचेही मणके बघावे लागतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी तेच केलं. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाठदुखी नसलेल्या ९८ जणांच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्या गाद्या नॉर्मल असलेले लोक निघाले फक्त ३६ टक्के. ५२ टक्क्यांच्या किमान एका गादीत बल्ज होता, २७ टक्क्यांना त्याही पुढची पायरी, म्हणजे प्रोट्रुजन होतं. ही सगळी ठणठणीत माणसं होती.

एका अभ्यासावर विश्वास ठेवू नये, हे मान्य. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, त्यात कंबर न दुखणारे ३,११० लोक होते. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्यांची झीज झालेली होती. ऐंशीच्या घरात हेच प्रमाण ९६ टक्के. बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे पन्नाशीच्या कुणालाही मशिनमध्ये झोपवा, बहुतेक वेळा काहीतरी सापडणारच. दुखत असेल तर सापडेल, दुखत नसलं तरी सापडेल. जी गोष्ट दोघांतही दिसते तिच्याकडे बोट दाखवून ‘हेच कारण’ कसं म्हणता येईल?

पण मशीन तर खोटं बोलत नाही ना, असं यावर ऐकायला मिळतं. मशीन चित्र काढतं. त्या चित्राचा रिपोर्ट माणूस लिहितो. अमेरिकेत ६३ वर्षांच्या एका बाईंचा तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या केंद्रांत कमरेचा एमआरआय काढून घेतला गेला. कमरेचं दुखणं आणि पायात जाणारी कळ हीच त्यांची तक्रार होती. हा अभ्यास २०१७ साली ‘द स्पाइन जर्नल’मध्ये आला. दहा रिपोर्टांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदले गेले होते आणि दहाच्या दहा रिपोर्टांत आलेला एकही दोष त्यात नव्हता. एकाच पाठीबद्दल, एकाच महिन्यात! अशा कागदावरच्या एका शब्दासाठी माणसं रात्र रात्र जागतात.

नेदरलँड्समधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष तर मला याहून महत्त्वाचा वाटतो. सायटिकाच्या, म्हणजे कमरेतून पायात उतरणाऱ्या कळेच्या, रुग्णांचा उपचारांनंतर एका वर्षाने पुन्हा एमआरआय काढला. जे बरे झाले होते त्यांच्यातल्या ३५ टक्क्यांच्या फिल्मवर गादीचा बाहेर आलेला भाग अजूनही दिसत होता. जे बरे झाले नव्हते त्यांच्यात ३३ टक्क्यांच्या. फिल्म पाहून कोण बरं आणि कोण नाही, हे ओळखताच येईना. हा अभ्यास २०१३ सालचा. ‘गादी जागेवर आली का बघायला’ दर सहा महिन्यांनी एमआरआय काढणाऱ्यांनी तो जरूर समजून घ्यावा.

नुसत्या शब्दांनीही इजा होते, आणि याचा पुरावा परदेशातून आणायला नको. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटाला एमआरआयमधल्या दोषांची पूर्ण जंत्री समजावून सांगितली. दुसऱ्या गटाला सांगितलं की रिपोर्टात काळजीचं काही नाही, आहेत ते वयोमानाचे बदल. सहा आठवड्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटाला आपल्या पाठीची धास्ती जास्त बसली होती, त्यांचं दुखणं कमी उतरलं होतं आणि हालचालही मागे होती. २०२१ साली ‘युरोपियन स्पाइन जर्नल’मध्ये हे प्रसिद्ध झालं. रुग्णाच्या हातात रिपोर्ट देताना त्या वयातल्या निरोगी लोकांतही हे दिसतं, अशी एक ओळ छापायला काय हरकत आहे? काही रेडिओलॉजिस्ट ती छापतात. सगळ्यांनीच छापायला हवी.

मग गादीमुळे दुखतच नाही का? दुखतं, आणि फार भयंकर दुखतं. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिलं की गादीतून बाहेर आलेला गर नसेवर दाब आणून पायात कळ उठवतो. ते आजही खरं आहे. गराच्या रासायनिक दाहाने नस आणखी चिडते, हेही नंतर कळलं. पण असं झालंय का, हे आधी पाय सांगतो.

चांगला डॉक्टर रुग्णाला उताणं झोपवतो आणि गुडघा न वाकवता एक पाय सावकाश वर उचलतो. अर्ध्या वाटेवरच कळ मांडीमागून गुडघ्याच्या खाली सर्रकन उतरली, तर ती नसेची खूण. मग पायाचा अंगठा वर ओढून धरायला सांगतो आणि स्वतःच्या बोटाने तो खाली दाबून बघतो. अंगठा टिकला नाही आणि पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा असला, तर संशय एल ५ नसेवर. चवड्यावर उभं राहता येईना, टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारली तरी पाऊल हलेना, पावलाची बाहेरची कड बधिर, तर त्याखालच्या एस १ नसेवर. या तपासणीला दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. एवढं झाल्यावर काढलेला एमआरआय कामाचा असतो, कारण काय शोधायचं ते ठरलेलं असतं. कळ उजव्या पायात आणि रिपोर्टातला बल्ज डावीकडे असेल, तर तो बल्ज तिथे असून नसल्यासारखा आहे.

बाहेर आलेला गर कायम तिथेच राहतो, हाही असाच घट्ट बसलेला समज. शरीर त्या गराला परका मानतं, भक्षक पेशी येतात आणि तो हळूहळू जिरवून टाकतात. २०१५ सालच्या एका आढाव्यात सुट्या झालेल्या तुकड्यांपैकी ९६ टक्के, कडी फोडून बाहेर आलेल्या गरांपैकी ७० टक्के आणि प्रोट्रुजनपैकी ४१ टक्के ऑपरेशनविना आक्रसलेले आढळले. साधा बल्ज मात्र १३ टक्क्यांतच. रिपोर्टात जे सगळ्यात भीतिदायक वाटतं, तेच जिरण्याची शक्यता सगळ्यात जास्त!

ऑपरेशनचं काय? ते वाईट नाही, फक्त ते कशासाठी करायचं हे नीट कळायला हवं. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ जणांपैकी निम्म्यांचं लवकर ऑपरेशन ठरवलं आणि निम्म्यांना औषधं, व्यायाम, धीर देऊन थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली, यात शंका नाही. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं, म्हणजे ६१ टक्क्यांचं वर्षभरात त्याविना निभावलं. आणि वर्षअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक आपण बरे झालो असं सांगत होते. दुसरी बाजूही तितकीच खरी. चार ते बारा महिने सायटिका रेंगाळलेल्या १२८ कॅनेडियन रुग्णांत, सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात पायाचं दुखणं दहापैकी २.८ होतं, तर बिनऑपरेशनच्या गटात ५.२. तेव्हा पायाची कळ महिनोन्‌महिने हटत नसेल तर ऑपरेशनला घाबरून राहणंही चूकच. मात्र हे सारे आकडे पायात उतरणाऱ्या कळेचे आहेत. नुसती कंबर दुखते आणि रिपोर्टात बल्ज आहे, एवढ्यावर गादी काढून टाकायला यातल्या एकाही अभ्यासाचा आधार नाही.

बाकीचे समज थोडक्यात.

‘पंधरा दिवस पडून राहा.’ सायटिकाच्या १८३ रुग्णांवर डच डॉक्टरांनी हे तपासलं. बारा आठवड्यांनी पडून राहिलेले आणि हिंडते-फिरते, दोन्हींतले ८७ टक्के सुधारले होते. पडून राहून वेगळं काही हाती लागलं नाही.

‘फळीवर झोपा.’ स्पेनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३१३ जणांवर झोपायच्या गाद्या तपासल्या, तेव्हा कडक गादीपेक्षा मध्यम गादीवर झोपणारे बरे निघाले.

‘गाडी चालवून मणके झिजले.’ फिनलंडमधल्या एकसारख्या जुळ्यांच्या ४५ जोड्या पाहिल्या. एक भाऊ जन्मभर चाकामागे, दुसरा नाही; गाद्यांच्या झिजेत फरक आढळला नाही. झिजेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

‘नसेच्या गोळ्या घेतल्या की सायटिका जातो.’ ऑस्ट्रेलियातल्या २०९ रुग्णांत प्रीगॅबलिन ही गोळी नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली.

‘मणक्यात गॅप पडलाय.’ झिजेत उलट होतं, दोन मणक्यांमधली जागा कमी होते.

‘अमक्या गावचा माणूस गादी बसवून देतो.’ बाहेरून दाबून गर आत ढकलता येत नाही. पायाळू माणसाच्या लाथेने तर नाहीच. मार बसून हाड मोडायचं भय वेगळं.

आणि शेवटचा समज वरचं सगळं वाचून कुणाचा तरी होईल: पाठदुखीत थांबलं तरी चालतं, घाई कधीच नाही. असं नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद झपाट्याने गेली, तर मज्जातंतूंचा अख्खा जुडगाच दबलेला असू शकतो. तिथे ना व्यायाम, ना गोळ्या, ना सकाळची वाट. त्याच रात्री एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं, कारण उशीर झाला तर गेलेला लघवीवरचा ताबा ऑपरेशननंतरही परत येईलच असं नसतं. ताप, घटणारं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, म्हाताऱ्या माणसाचं पडणं किंवा दीर्घकाळ चाललेली स्टिरॉइड्स यांच्या जोडीला पाठ दुखत असेल, तर तिथेही तपासणी लांबवू नये. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजून आहे, आणि सुरुवातीला तो साध्या पाठदुखीसारखाच दुखतो.