आकाशातला उजेड – लेखांक ६ : मानेगावचा दगड

जळगावच्या सराफ बाजारात जुनी अंगठी मोडायला नेली, की हल्ली ती कसोटीवर घासण्याऐवजी बऱ्याचदा कॅरेटमीटरच्या पेटीत ठेवतात. आत तिच्यावर क्ष-किरण पडतात. सोनं, चांदी, तांबं आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे क्ष-किरण उलट टाकतात आणि पडद्यावर टक्केवारी उमटते. सोन्याला ओरखडाही नाही. खगोलशास्त्रज्ञाचा धंदाही असाच. फक्त त्याला माल पेटीत ठेवता येत नाही. तिकडून जो उजेड येईल, त्यावर भागवायचं.

गेल्या आठवड्यात सूर्यप्रकाशातल्या काळ्या रेषा पाहिल्या. आज तीच युक्ती एका दगडाला लावू, आणि दगडही आपल्याच जिल्ह्यातला.

२९ जून १८४३ रोजी एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, मानेगावला आकाशातून दगड पडला. जगातल्या उल्कांच्या यादीत तो ‘मानेगाव’ याच नावाने आहे. नोंदलेलं वजन ४१.८ ग्रॅम, सराफाच्या हिशेबाने चार तोळ्यांहून थोडं जास्त. जात डायोजेनाइट. हा दगड जवळजवळ सगळा पायरॉक्सीन या खनिजाचा असतो आणि तो मोठ्या खडकाळ गोळ्याच्या पोटात, शिलारस सावकाश निवताना बनतो. तो गोळा कोणता?

पायरॉक्सीनमधलं लोह ०.९ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश गिळतं. हा अवरक्त प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण टीव्हीच्या रिमोटमधून रोज निघतो तो साधारण याच जातीचा. दगडावरून परतलेल्या प्रकाशाचा आलेख काढला, की तिथे खळगा पडतो, १.९ मायक्रॉनजवळ दुसरा. १९७० साली टॉमस मॅककॉर्ड आणि सहकाऱ्यांनी मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या वेस्टा या लघुग्रहावरून परतलेला सूर्यप्रकाश तपासला. ०.९ चा खळगा तिथेही होता, आणि आलेख डायोजेनाइटच्याच भावकीतल्या दगडांशी जुळत होता.

पण तोंडवळा सारखा म्हणून कोणी सख्खा ठरत नाही. तिथून दगड इथवर आला कसा? माझ्या मते खरा पुरावा १९९३ चा. रिचर्ड बिन्झेल आणि शुई शू यांना तसाच खळगा दाखवणारे लहान लघुग्रह वेस्टापासून एका ठरावीक जागेपर्यंत विखुरलेले सापडले. गुरूच्या एका प्रदक्षिणेत सूर्याभोवती तीन प्रदक्षिणा होतात, ती ही जागा. तिथे पोचलेल्या दगडाची कक्षा गुरू ओढूनओढून इतकी लांबोळकी करतो, की ती पृथ्वीच्या वाटेला छेदू शकते. फाटक्या पोत्यातून गळलेल्या ज्वारीवरून बैलगाडीची वाट सापडावी, तसं हे झालं.

२०११ मध्ये ‘डॉन’ हे यान वेस्टाभोवती फिरू लागलं. दक्षिण ध्रुवाशी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचं आघातविवर आहे. वेस्टाचा स्वतःचा व्यास जेमतेम ५२५ किलोमीटर! यानावरच्या वर्णपटमापकाला तिथेच डायोजेनाइटसारखा खडक उघडा पडलेला दिसला.

मुक्ताईनगरकडच्या कुणा वाचकाच्या घरी या दगडाची काही आठवण पणजोबांपासून चालत आली असेल, तर जरूर कळवा. पुढच्या आठवड्यात नारायणगावजवळच्या खोडदला जाऊ. तिथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या रेडिओ लहरी टिपतात.