परसातली झाडं (लेखांक ११) : आंब्याखालचा चिकटा

पौष सरत आला की ठाकुर्लीतले आंबे मोहोरतात आणि त्यांच्याखाली लावलेल्या स्कूटरींच्या सीटा चिकट होऊ लागतात. ओट्यावरची फरशी चपलेला धरते. वाळत घातलेल्या चादरींवर बारीक ठिपके पडतात. आठ-पंधरा दिवसांत खालच्या जास्वंदीवर काळा थर चढतो. पहिला आळ येतो आंब्यावर, की झाड डिंक गाळतंय. दुसरा हवेवर. ठाकुर्लीत रेल्वेचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं, त्यामुळे पानावर काळं दिसलं की जुन्या मंडळींच्या तोंडी ‘काजळी’ येतेच. ते केंद्र बंद होऊन काही दशकं लोटली. काळा थर मात्र दर मोहोराला हजर असतो.

झाड काहीही गाळत नाही. गळते ती किड्यांनी पिऊन टाकून दिलेली साखर.

पानांत तयार झालेली साखर सालीखालच्या नळ्यांतून मुळांकडे आणि फळांकडे जाते. मावा, पिठ्या ढेकूण, खवले कीड, पांढरी माशी आणि आंब्यावरचे तुडतुडे ही सगळी मंडळी सोंड खुपसून हा रस पितात. रसात साखर भरपूर, पण अंग वाढायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी. ती पुरेशी मिळवायची तर सतत पीत राहावं लागतं आणि उरलेलं साखरपाणी मागच्या मागे सोडून द्यावं लागतं. तोच हा चिकटा. किळस येत असेल तर एवढंच सांगतो, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमधल्या मधमाश्या देवदारासारख्या झाडांवरून हाच चिकटा गोळा करतात आणि त्याचा गडद मध लोक आवडीने विकत घेतात.

काळा थर म्हणजे या साखरेवर वाढलेली बुरशी. तिला आपल्याकडे कोळशी म्हणतात. ती पानाच्या आत शिरत नाही, वरच पसरते. ओल्या अंगठ्याने पान चोळलं की खाली हिरवं पान शाबूत दिसतं. नुकसान होतं ते ऊन अडल्यामुळे. म्हणून कोळशीवर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात. वरून गळणारी साखर थांबली की ती वाळून आपोआप सुटते. घाई असेल तर भाताची पेज किंवा मैद्याची अगदी पातळ खळ उन्हाच्या दिवशी पानांवर फवारावी. वाळून पापुद्रे निघतात आणि कोळशी सोबत घेऊन पडतात.

आता चोर कोण ते ओळखायचं. त्यासाठी काळं पडलेलं पान बघून उपयोग नाही, त्याच्या वर जे पान किंवा मोहोर आहे तो उलटून बघायचा. आंब्यावर बहुधा तुडतुडे असतात. पाचरीसारखे, चार-पाच मिलिमीटरचे, करडे. फांदी हलवली की तिरके उड्या मारतात आणि खूप झाले असले तर पानांवर टिकटिक ऐकू येते. मोहोराच्या दांड्यात आणि कोवळ्या पानांच्या शिरांत अंडी घालतात, मोहोर करपून गळतो. बाकीचं वर्ष सालीच्या भेगांत दडून काढतात. गर्द, आतून अंधारलेलं झाड त्यांना फार मानवतं. जास्वंद, सीताफळ, पेरू यांच्यावर कापसासारखे पांढरे पुंजके असतील तर ते पिठ्या ढेकूण. माडाच्या झावळ्यांखाली पांढऱ्या मेणाची चक्रं दिसली तर ती अमेरिकेकडून आलेली चक्राकार पांढरी माशी. भारतात ती २०१६ मध्ये तमिळनाडूतल्या पोल्लाचीजवळ पहिल्यांदा सापडली आणि नंतर कोकणातही पोचली.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. चिकटा पानांवर नसून बुंध्याच्या एखाद्या भोकातून ओघळत असेल आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला असेल, तर तो भिरूड आहे. ही खोड पोखरणारी अळी अख्खा आंबा मारते. तिथे वाट बघायची नाही. तार घालून अळी बाहेर काढायची किंवा आतच चिरडायची आणि भोक चिखलाने लिंपायचं.

बाकीच्या चिकट्याबाबत माझं मत असं, की कीड दर वर्षी येतेच. ती माजते तेव्हा तिचे शत्रू कुठे गेले हे आधी बघावं. ठिपक्यांचे लाल भुंगेरे, क्रायसोपाची अळी आणि टाचणीच्या डोक्याहून लहान अशा परजीवी गांधीलमाश्या हे ते शत्रू. पपईवरच्या पिठ्या ढेकणाची गोष्ट फार जुनी नाही. २००८ मध्ये तो कोइमतूरला दिसला आणि दक्षिणेत व महाराष्ट्रात पपईच्या बागा उजाड होऊ लागल्या. औषधं मारून तो आटोपेना. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून परजीवी गांधीलमाश्या आणून सोडल्या, आणि काम झालं.

उलटी गोष्टही आहे. कॅलिफोर्नियात टाहो सरोवराकाठी १९६० च्या दशकात डासांसाठी मॅलाथिऑनची धुरी सुरू झाली, आणि तिथल्या पाइन झाडांवर खवले कीड बेसुमार वाढली. धुरीने डासांबरोबर त्या किडीचे परजीवीही मेले होते. धुरी थांबवल्यावर कीड आपोआप ओसरली. आपल्याकडे पावसाळ्यात गल्लीबोळांतून पालिकेची धुरी फिरते. डेंग्यूपुढे आंबा गौण, हे मान्य. पण परसात पुन्हा आपल्या हाताने कीटकनाशक मारताना हे आठवावं.

दुसरा घातक म्हणजे धूळ. नव्या इमारती आणि सततचं खोदकाम यांमुळे ठाकुर्लीत तिला तोटा नाही. धूळ साचलेल्या पानावर परजीवी माशीला नीट फिरता येत नाही, यजमान सापडत नाही; कीड मात्र निवांत एका जागी बसून पीत राहते. तिसऱ्या मुंग्या. चिकट्यासाठी त्या माव्याची आणि पिठ्या ढेकणाची राखण करतात, भुंगेऱ्यांना हुसकावून लावतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर कुठेतरी दुभती जनावरं बांधली आहेत असं समजावं.

म्हणून माझा उपाय साधा आहे, त्यात पाणीच जास्त. पाइपचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूने, दर तीन-चार दिवसांनी, सकाळी मारा. धूळही जाते आणि किडीही. फक्त मोहोर पूर्ण फुललेला असताना त्यावर पाणी नको. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. सालीला थेट ग्रीस फासू नका, आणि खोडाला टेकलेली तार किंवा भिंतीला लागलेली फांदी सोडवा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतील. हाताला येणाऱ्या जास्वंदीवर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा साबण घोटून संध्याकाळी फवारा.

उंच आंब्याचं काय? बागाईतदारांसाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं फवारणीचं वेळापत्रक आहे आणि व्यापारी बागेत ते पाळावंच लागतं. पण दोन खोल्यांच्या खिडकीला टेकलेल्या झाडावर, खाली पाण्याचे पिंप आणि वर वाळत घातलेले कपडे असताना पंप चालवणं मला पटत नाही. शिवाय आंब्याच्या फुलांचं परागीभवन माश्या आणि मधमाश्या करतात. भर मोहोरात औषध मारलं तर फळच कमी धरतं. घरच्या झाडाला थोडे कमी आंबे आले तर बिघडलं कुठे? स्कूटरवर जुनी चादर टाका. डाग पडलाच तर कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवून पुसा, साखरच ती, विरघळते. कोरडं घासलंत तर धुळीने रंगावर ओरखडे येतील.

बुंध्याकडेही बघा. मुंबईत रस्त्याकडेचे पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणांनी वाळू लागले तेव्हा बुंध्यापर्यंत ओतलेल्या काँक्रीटकडेही जाणकारांनी बोट दाखवलं होतं. पेव्हर ब्लॉक खोडापासून निदान हातभर मागे घेतले तर झाडाला पाणी मिळतं.

खरा टिकाऊ इलाज म्हणजे आंबे उतरल्यावर आतल्या दाट फांद्या विरळ करणं, म्हणजे मध्यभागी ऊन पोचतं आणि तुडतुड्यांची लपण जाते. झाड आपल्या आवारात असलं तरी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार छाटणीआधी कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती मिळायला वेळ जातो, तेव्हा अर्ज कैऱ्या धरल्या की लगेच टाकून ठेवा.

(पुढच्या आठवड्यात : शेवग्याच्या खोडावरच्या केसाळ अळ्या)