सोयाबीनचं पाणी मोजतो, तेल कधी मोजणार?

हमीभावाच्या सोयाबीन खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. २०२४-२५च्या खरिपात केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. या तीन टक्क्यांची किंमत किती?

२०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये. १५ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८५ किलो, १२ टक्क्यांच्या क्विंटलमध्ये ८८ किलो. म्हणजे पहिला क्विंटल दुसऱ्याच्या मानाने ९६.६ किलोच भरतो. फरक सुमारे १८२ रुपयांचा.

आता तेल पाहू. सोयाबीनमध्ये तेल साधारण १८ ते २० टक्के असतं. वाण, जमीन आणि शेंगा भरताना मिळालेलं पाणी यांवर ते ठरतं. १८ आणि २० टक्क्यांच्या मालात क्विंटलमागे २ किलो तेलाचा फरक पडतो. तेलाचा भाव किलोला १२० रुपये आणि पेंडीचा ३५ रुपये धरू. तेल कमी भरलं की तितकी पेंड जास्त निघते, म्हणून फरक किलोमागे ८५ रुपयांचा. दोन किलोंचे १७० रुपये.

पाण्याचे १८२, तेलाचे १७०. रक्कम जवळपास सारखीच. पण वऱ्हाडातल्या बाजार समितीत हर्रासाच्या वेळी विचारलं जातं ते एवढंच, "मॉइश्चर किती निघालं?" तेलाचा आकडा पट्टीवर येत नाही. ज्याचा माल तेलाला भारी, त्याला ते कळतही नाही आणि मोबदलाही मिळत नाही. हा अन्याय कुणी ठरवून केलेला नाही. पाणी क्षणात मोजता येतं आणि तेल मोजायला प्रयोगशाळेत कित्येक तास लागतात, म्हणून तो चालत आला आहे. ही अडचण आता उरलेली नाही. कमी शक्तीच्या चुंबकीय अनुनादाने तेल अर्ध्या मिनिटात मोजता येतं, आणि तेही दाणा न फोडता.

अर्धा टेस्ला पुरतो

हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एक प्रोटॉन. तो चुंबकीय क्षेत्रात ठराविक वेगाने घुमतो. क्षेत्र १ टेस्ला असेल तर सेकंदाला ४ कोटी २५ लाख ७७ हजार फेरे. दवाखान्यातलं एमआरआय यंत्र सहसा १.५ टेस्लाचं असतं, तिथे ही वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ होते. त्याचं अतिवाहक चुंबक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांवर ठेवावं लागतं.

कारखान्यातलं यंत्र ०.४७ टेस्लाचं, म्हणजे २० मेगाहर्ट्झचं. त्याचं चुंबक कायमस्वरूपी असतं, त्याला हेलियम लागत नाही आणि क्षेत्र टिकवायला वीजही लागत नाही. यंत्र टेबलावर मावतं, साध्या प्लगवर चालतं.

कमी शक्तीची किंमत मोजावी लागते ती संकेतात. चुंबकाच्या दिशेने आणि उलट दिशेने असलेल्या प्रोटॉनांच्या संख्येतला फरक हाच आपला संकेत. १.५ टेस्लाला दर १० लाखांमागे हा फरक पाचेक प्रोटॉनांचा, तर ०.४७ टेस्लाला जेमतेम दीड प्रोटॉनाचा. पण एक ग्रॅम तेलात हायड्रोजनचे अणूच इतके की (७ वर २२ शून्यं) हा दीडाचा फरकसुद्धा १ वर १७ शून्यं इतका होतो. मोजणी १६ वेळा केली की संकेत गोंगाटाच्या तुलनेत चौपट स्पष्ट होतो. प्रत्येक वेळेला २ सेकंद धरले तर एकूण ३२ सेकंद.

एडवर्ड पर्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर १९४५मध्ये हार्वर्डला हा अनुनाद पहिल्यांदा पकडला, तो मेणात आणि २९.८ मेगाहर्ट्झवर. त्याच सुमारास स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉक यांनी तो पाण्यात पकडला. दोघांना १९५२चं नोबेल मिळालं. म्हणजे मूळ शोधच आजच्या भाषेत कमी शक्तीचा होता.

५० मायक्रोसेकंद आणि ७ मिलिसेकंद

रेडिओलहरीचा छोटा झटका दिला की सगळे प्रोटॉन लेझमाच्या पथकासारखे एका तालात घुमू लागतात. मग ताल सुटतो. कुणाचा किती वेळात सुटतो, यावरून तो प्रोटॉन कुठे बसला आहे ते कळतं. दाण्यातल्या घन भागात, म्हणजे प्रथिनं आणि तंतूंमध्ये, ताल दहाएक मायक्रोसेकंदांत सुटतो. दाण्याला धरून बसलेल्या पाण्यात तो मिलिसेकंदाच्या आसपास टिकतो. तेलात मात्र शंभर मिलिसेकंदांच्या घरात.

त्यामुळे दोन क्षणी मोजलं की काम होतं. झटक्यानंतर ५० मायक्रोसेकंदांनी घन भाग गप्प झालेला असतो, उरतात तेल आणि पाणी. ७ मिलिसेकंदांनी पाणीही गप्प होतं, उरतं फक्त तेल. पहिल्यातून दुसरं वजा केलं की पाणी हाती येतं. एका मोजणीत दोन्ही आकडे. ७ मिलिसेकंदांवरचा संकेत पकडायला एर्विन हान यांनी १९५०मध्ये शोधलेला 'प्रतिध्वनी' कामी येतो. तेलबियांसाठी ही पद्धत आयएसओ १०५६५ या आंतरराष्ट्रीय मानकात आली आहे. वनस्पती तुपातला घन भाग मोजण्याचं आयएसओ ८२९२ हे मानकही याच तत्त्वावरचं.

उशिराची किंमत

दिवसाला १०० टन सोयाबीन गाळणारा सॉल्व्हंट प्लांट घेऊ. त्यातून सुमारे ८० टन डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, निघते. तिच्यात तेल ०.८ टक्के राहायला हवं आणि काही बिघाडाने १.५ टक्के राहिलं, तर दिवसाला ५६० किलो जास्तीचं तेल डीओसीबरोबर निघून जातं. प्रयोगशाळेचं उत्तर सहा तासांनी आलं, तर तोवर १४० किलो तेल गेलेलं असतं. ८५ रुपयांच्या हिशेबाने ११,९०० रुपये. तासाला एक नमुना ३२ सेकंदांत तपासला, तर हे नुकसान एका तासावर, म्हणजे दोन हजारांच्या आत थांबतं. सरकीची ढेप घ्या, तिथे राहणारं तेल सहा-सात टक्के असतं, म्हणून लक्ष ठेवण्याची गरज आणखी मोठी.

नमुना न काढता वाहता मालच तपासायचा, तर वाहत्या द्रवाचा अनुनाद मोजण्याचं सुरुवातीचं काम भारतातलंच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी ते १९५१मध्ये प्रसिद्ध केलं. नळीतून जाणाऱ्या मालाची तपासणी तिथूनच पुढे सरकली.

नांदगाव पेठचा धागा

अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ औद्योगिक वसाहतीत हे तंत्र आणखी एका कामाला येऊ शकतं. पॉलिस्टरच्या तंतूवर कारखान्यातच तेलकट लेप देतात, त्याला स्पिन फिनिश म्हणतात. तो कमी पडला की तंतूत स्थिर वीज साठते आणि ते रोलरला गुंडाळतात. जास्त झाला की यंत्र चिकट होतं आणि रंग नीट चढत नाही. आखूड तंतूवर हा लेप ०.१५ टक्क्यांच्या आसपास असतो. ५ ग्रॅम तंतूवर साडेसात मिलिग्रॅम. जुन्या पद्धतीत हे साडेसात मिलिग्रॅम द्रावकात उतरवून, द्रावक उडवून, उरलेलं तोलायचं. अनुनादात तंतू नळीत भरला, आकडा वाचला, तंतू परत घेतला. द्रावक नाही, त्याचा वास नाही, विल्हेवाटीची चिंता नाही.

पॉलिस्टर हवेतलं पाणी ०.४ टक्केच धरतो, म्हणून हे मापन सरळ होतं. कापूस ८.५ टक्के धरतो, तिथे पाण्याचा वाटा वेगळा काढावा लागतो.

कुठे अडतं

पहिली अडचण ओलाव्याची. दाण्यात १० टक्क्यांहून जास्त पाणी असेल तर त्यातलं काही मोकळं राहतं आणि ७ मिलिसेकंदांनंतरही बोलत राहतं, म्हणजे तेलाचा आकडा फुगतो. १५ टक्क्यांचं सोयाबीन आधी वाळवावं लागेल.

दुसरी अडचण वऱ्हाडच्या उन्हाळ्याची. निओडिमियम चुंबकाचं क्षेत्र दर अंशाला सुमारे ०.१ टक्का घटतं. २० मेगाहर्ट्झवर एका अंशाचा फरक म्हणजे २० किलोहर्ट्झ. म्हणून यंत्रातलं चुंबक बहुधा ४० अंशांवर तापवून स्थिर ठेवतात. हीटर तापवू शकतो, थंड करू शकत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की वातानुकूलित खोलीशिवाय इथे हे यंत्र चालणार नाही. तिसरी अडचण मातीतले लोखंडी कण, त्यासाठी नमुना साफ हवा.

या तिन्ही अडचणींना उपाय आहेत आणि ते महागही नाहीत. महाग आहे ते यंत्र.

नमुन्यामागे १७ रुपये

यंत्राची किंमत ५० लाख धरू. नमुना भरणं, मोजणं, काढणं यांना मिळून २ मिनिटं, म्हणजे ८ तासांत २४० नमुने. वर्षाला २५० दिवस, ५ वर्षं. एकूण ३ लाख नमुने आणि नमुन्यामागे यंत्राचा खर्च १७ रुपये. पगार, वीज आणि दुरुस्ती धरून तो तिप्पट, ५१ रुपये करू. वीस क्विंटलच्या एका ढिगात २ टक्के तेलाचा फरक मात्र ३,४०० रुपयांचा आहे.

एका अडत्याला किंवा छोट्या मिलला हे यंत्र परवडणार नाही, सामायिक असेल तर परवडेल. पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याहून अमरावतीच्या १,००० एकरांच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी केली. त्या योजनेच्या पायाभूत सुविधांत चाचणी केंद्रं धरलेली आहेत. तिथे असं एक यंत्र ठेवून ते कापड कारखान्यांबरोबरच तेलमिलना आणि शेतकरी कंपन्यांनाही खुलं करावं. दुसरं यंत्र डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या सोयाबीन आणि कपाशीच्या संशोधकांकडे असावं. तपासलेला दाणा पेरताही येतो, त्यामुळे जास्त तेलाचं वाण निवडायला याहून सोयीचं साधन नाही.

पहिल्या हंगामात भाव बदलू नये, फक्त पट्टीवर मॉइश्चरशेजारी तेलाचा रकाना वाढवावा. एक वर्ष तो आकडा शेतकऱ्याच्या हाती पडू द्यावा. आपल्या मालात २० टक्के तेल आहे हे कागदावर वाचलेला शेतकरी पुढच्या हंगामात १८ टक्क्यांच्या भावाला मान हलवणार नाही.