ग्लिसरीन : बाटलीवरील दोन अक्षरे

दिवाळी सरून पुण्याची हवा कोरडी होऊ लागली, की ओठ फुटणे, टाचांना भेगा पडणे, हातापायांवर पांढरट रेघा उमटणे या तक्रारी घरोघरी सुरू होतात आणि औषधांच्या दुकानांत ग्लिसरीनच्या लहान बाटल्यांची मागणी वाढते. रंगहीन, चवीला गोड आणि पाण्याच्या सव्वापट जड असा हा दाट द्रव तेल किंवा चरबीपासून साबण तयार होताना सुटा होतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले यांनी तो १७७९ मध्ये ऑलिव्हच्या तेलापासून प्रथम वेगळा केला.

ग्लिसरीनच्या रेणूत पाण्याशी सहज बंध जोडणारे तीन हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे ते आसपासचा ओलावा ओढून धरून ठेवते, आणि म्हणूनच त्याची गणना आर्द्रताधारक द्रव्यांत होते. त्वचेला ते परकेही नाही. त्वचेतील स्निग्ध स्रावाचे विघटन होताना ग्लिसरीन तयार होते, तसेच पेशींच्या आवरणातील ॲक्वापोरिन-३ हे प्रथिन ते पेशींत वाहून नेते; हे प्रथिन नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी राहते आणि बाहेरून ग्लिसरीन पुरवल्यावर ती सुधारते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मात्र ओलावा कोठून ओढला जातो, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. हवा अगदी कोरडी असताना नुसते, दाट ग्लिसरीन चोळले, तर ते त्वचेच्या खालच्या थरांतील पाणीच वर खेचू शकते आणि चुरचुरही होते. त्यामुळे आंघोळीनंतर अंग पुरते कोरडे होण्याआधी, पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून ते लावावे आणि वर तेलाचा किंवा व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा, हे उत्तम. पातळ केलेले मिश्रण जंतूंपासून सुरक्षित राहत नसल्याने ते थोडे थोडेच करावे. अनेक महागड्या क्रीमच्या वेष्टनावरील घटकांच्या यादीत पाण्याच्या मागोमाग ग्लिसरीनचेच नाव असते, हेही ग्राहकाने एकदा वाचून पाहण्यासारखे आहे.

वैद्यकात त्याचा संचार याहून मोठा आहे. बद्धकोष्ठावरील गुदवर्ती, खोकल्याची पातळ औषधे, सलाईनची सुई टोचलेल्या जागी हात सुजल्यास परिचारिका ठेवतात ती मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) व ग्लिसरीनची पट्टी, अशी त्याची अनेक रूपे आहेत. काचबिंदूच्या तीव्र झटक्यात डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी ते पोटातूनही देतात. रक्तात पोहोचलेले ग्लिसरीन ऊतींतील पाणी बाहेर ओढते, म्हणून हा दाब घटतो. मधुमेही रुग्णाची साखर त्याने वाढू शकते, तेव्हा हा उपाय डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा.

याच उपचाराने महाराष्ट्राला एक भयंकर धडा दिला. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डोळ्यातील वा मेंदूतील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरीन दिलेल्या रुग्णांपैकी १४ जण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्यांना दिलेल्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल या औद्योगिक रसायनाचे प्रमाण साडेअठरा टक्के निघाले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने १९८७ मध्ये सादर केलेल्या अहवालात रुग्णालयातील खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंतच्या साखळीवर कठोर ताशेरे ओढले. डायएथिलीन ग्लायकॉलही रंगहीन, दाट व गोडसर असते आणि स्वस्त मिळते, त्यामुळे ते ग्लिसरीनच्या जागी सहज खपून जाते. नुसत्या डोळ्यांनी वा जिभेने हा फरक कोणालाही ओळखता येत नाही. अमेरिकेत १९३७ मध्ये याच रसायनाने शंभरांहून अधिक बळी घेतल्यानंतर तेथे औषधांचा नवा कायदा झाला, तरी हे विष पुन्हा पुन्हा औषधांत शिरत राहिले. २००६ मध्ये पनामात ग्लिसरीन म्हणून आलेल्या मालातून ते खोकल्याच्या औषधात उतरले. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची जी मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि ज्यांतील अनेक वाचू शकली नाहीत, त्यांनी घेतलेल्या खोकल्याच्या औषधातही हेच रसायन सापडले.

औषधी दर्जाच्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये, असा दंडक आहे आणि त्याची चाचणी प्रयोगशाळेत नेमकेपणाने करता येते. ती प्रत्येक पिंपाची व्हावी, हे उत्पादकाचे आणि औषध प्रशासनाचे कर्तव्य आहे. त्यातील कुचराईला क्षमा नसावी. ग्राहकाच्या हातात एवढेच उरते, की सुटे किंवा कारखान्यांना पुरवले जाणारे ग्लिसरीन त्याने घरात आणू नये, बाटलीवर ‘आय.पी.’ ही भारतीय औषधसंहितेची खूण, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व मुदत पाहूनच ती बिलासह घ्यावी, आणि त्वचेसाठी आणलेले ग्लिसरीन लहान मुलाच्या खोकल्यावर चाटण म्हणून कधीही देऊ नये.