तंजावरच्या पोथ्या आणि आपण

तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांचे पुत्र शिवाजीराजे 1855 साली वारले. गादीला मुलगा नव्हता, एवढे कारण कंपनी सरकारला पुरेसे झाले. राज्याचा कारभार तर 1799 च्या तहातच गेला होता. किल्ला आणि राजवाडा तेवढा भोसल्यांकडे उरला होता. आता तोही गेला, आणि त्याबरोबर खासगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढवला आणि 1859 साली हरल्या. घराणे असे मोडते तेव्हा पोथ्यांचे काय होते, हे महाराष्ट्रातल्या कितीतरी वाड्यांनी पाहिले आहे. ओल लागते, वाळवी लागते, उरलेसुरले रद्दीत जाते. तंजावरात तसे झाले नाही. सरस्वती महाल ग्रंथालयात आज 49 हजारांच्या आसपास हस्तलिखिते आहेत. त्यांतली बहुसंख्य संस्कृत असली तरी मराठी हस्तलिखितेही तीन हजारांच्या वर आहेत.

राजवाड्याच्या आवारात दरबार महाल, कांस्यमूर्तींचे दालन आणि हे ग्रंथालय जवळजवळ आहे. आलेला प्रवासी मूर्ती बघतो, ग्रंथालयाच्या प्रदर्शनातून एक फेरी मारतो आणि बृहदीश्वराच्या देवळाकडे निघतो. प्रदर्शन लहान असले तरी भरगच्च आहे. फ्रेंच दरबाराचा चित्रकार शार्ल ल ब्रँ याने माणसांचे चेहरे आणि जनावरांची तोंडे शेजारी शेजारी काढून स्वभावाचे साम्य दाखवले होते; ती चित्रे इथे लागलेली आहेत. चिनी शिक्षांची चित्रे आहेत, जुने नकाशे आहेत, हत्तीघोड्यांच्या शास्त्रावरचे सचित्र ग्रंथ आहेत. गर्दी चेहऱ्यांपुढे आणि शिक्षांपुढे होते. मला मात्र ताडपत्राजवळ थांबावेसे वाटते. अरुंद, लांबट पान; दोरी ओवायला भोक; लोखंडी लेखणीने कोरलेली अक्षरे. कोरलेले अक्षर नुसते दिसत नाही. काजळी तेलात कालवून पानावरून फिरवतात, मग ती खाचेत बसते आणि ओळ उमटते. कसर लागू नये म्हणून वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी, काळे जिरे यांची पूड कापरासह पुरचुंडीत बांधून पोथ्यांजवळ ठेवायची इथली जुनी रीत आहे.

ग्रंथभांडाराची सुरुवात भोसल्यांची नव्हे. आधीच्या नायक राजांच्या काळापासून ते चालत आले. शिवछत्रपतींचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर घेतले, त्याबरोबर हे धनही आले. त्यांचे पुत्र शहाजीराजे स्वतः नाटके लिहीत. त्यांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ मराठी नाटकाच्या इतिहासात अगदी आरंभी ठेवावे लागते, म्हणजे सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या दीडशे वर्षे आधी. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ही गोष्ट अजून नीटशी पोचलेली नाही, याची मला खंत वाटते.

पण आज आपण ज्याला सरस्वती महाल म्हणतो तो सरफोजी दुसरे यांचा. जन्म 1777, गादी 1798, मृत्यू 1832. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली ते शिकले. राज्य करायला राज्यच उरले नव्हते, तेव्हा त्यांनी उरलेले बळ विद्येवर खर्च केले. युरोपातून हजारो पुस्तके मागवली आणि त्यांवर स्वतःची सही केली. 1820 च्या सुमारास मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला गेले, तर तिथेही पंडितांकडून पोथ्या उतरवून घेतल्या. त्या यात्रेवर रचलेल्या ‘त्रिस्थळी यात्रेच्या लावण्या’ ग्रंथालयाने पुढे छापल्या. वाड्यात छापखाना काढला. 1806 साली तिथे ‘बालबोधमुक्तावली’ छापली गेली. सख्खण पंडितांनी केलेले ते इसापच्या गोष्टींचे मराठी रूप. मुंबई-पुण्यात देवनागरी छपाईने मूळ धरण्याच्या आधीची ही गोष्ट आहे. ‘देवेंद्र कुरवंजी’ तर त्याहून नवलाची. कुरवंजी हा तमिळ मुलखातला नाट्यप्रकार, त्यात भविष्य सांगणारी भटकी बाई येते. सरफोजींनी तिच्या तोंडी मराठीत जगाचा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र तिने गाऊन सांगायचे. नवे ज्ञान रयतेच्या ओळखीच्या वेषात आणण्याचा हा प्रयत्न मला त्यांच्या साऱ्या पुस्तकसंग्रहाहून मोठा वाटतो.

संग्रहातली आणखी एक चीज सांगितलीच पाहिजे. सरफोजींच्या धन्वंतरी महाल या वैद्यकशाळेत डोळ्यांचे रोगी येत, त्यांची टिपणे इथे जपलेली आहेत. रोग्याची माहिती, तक्रार, डोळ्याची स्थिती आणि उपचार हे सारे इंग्रजीत लिहिलेले, आणि सोबत त्या रोग्याच्या डोळ्यांची रंगीत चित्रे. बुबुळावरचा पडदा, लाली, सूज चित्रकाराने जशी दिसली तशी टिपली आहे. शस्त्रक्रिया राजाने स्वतः केल्या असेही सांगतात. माझ्या लेखी महत्त्व आहे ते दोनशे वर्षांपूर्वी एकेका सामान्य माणसाचा डोळा इतक्या निगुतीने पाहिला गेला, याला.

पोथ्या टिकल्या त्याचे पुष्कळसे श्रेय याद्यांना आहे. ए. सी. बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने वाड्यातल्या संस्कृत पोथ्यांची वर्गवार सूची केली, ती 1880 मध्ये छापली गेली. नंतर पी. पी. एस. शास्त्री यांनी वर्णनात्मक सूचीचे एकोणीस खंड काढले. ज्या पोथीची नोंद झाली ती हरवली तर निदान हरवल्याचे कळते. जिची नोंद नाही तिला कोणी वालीच नसतो. 1918 साली ग्रंथालय सर्वांसाठी खुले झाले. लांडगे, कागलकर, पतंग अवधूत या तंजावरच्या मराठी घराण्यांनी आपापले संग्रहही त्यात दिले. पिढ्यान्‌पिढ्या देवघरात पुजलेली पोथी उचलून सार्वजनिक कपाटात ठेवायला मोठे मन लागते.

उणीव आहे ती वाचणाऱ्यांची. वाड्याचे दप्तर मोडी लिपीत आहे. खर्चाचे हिशेब, देवळांच्या नेमणुका, नोकरचाकर, गवई, वैद्य असे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले रोजचे तंजावर त्या रुमालांत बांधलेले आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातले बरेच कागद तमिळमध्ये आणले. तमिळ अभ्यासकांनी मराठी दप्तर वाचण्यासाठी मोडी शिकून घेतली, आणि आपल्याकडे मोडीचे वर्ग भरतात ते बहुतेक पेशवे दप्तरापुरते. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांनी दरवर्षी दोन-चार मोडी जाणणारे विद्यार्थी तंजावरला पाठवले, तरी मोठे काम उभे राहील. तिथली मराठी दक्षिणेची आहे, शब्द तमिळ-तेलुगूत मुरलेले आहेत. ती उलगडायला दोन्हीकडचे अभ्यासक एकत्र बसायला हवेत.

जाणाऱ्याने प्रदर्शन जरूर पाहावे, पण तिथूनच परत फिरू नये. संशोधकांसाठी वाचनाची वेगळी सोय आहे; ओळखपत्र आणि संस्थेचे पत्र सोबत न्यावे, आणि मराठी हस्तलिखितांची सूची मागावी. ग्रंथालयाची स्वतःची प्रकाशनेही आहेत. ‘देवेंद्र कुरवंजी’ही ग्रंथालयाने छापलेली आहे, ती सुरुवातीला वाचायला घ्यावी. वेळ असेल तर बृहदीश्वराच्या आवारातली भिंतही वाचावी. 1803 साली तिथे भोसले वंशाचा इतिहास देवनागरीत, मराठीत कोरला गेला. तो वाचायला कोणाची परवानगी लागत नाही आणि मोडीही यावी लागत नाही.