संशय एक, अर्थ दोन

इंग्रजी शब्दाचा अर्थ पाठ असणे निराळे आणि तो शब्द वापरता येणे निराळे, हे ज्यांनी मुलांच्या शब्दार्थांच्या वह्या तपासल्या आहेत त्यांस सांगावयास नको. 'डाउट' म्हणजे संशय असणे, 'सस्पेक्ट' म्हणजेही संशय असणे. दोन्ही ओळी बिनचूक, दोहोंस पूर्ण गुण. परंतु हीच वही प्रमाण मानून एखाद्या विद्यार्थ्याने 'अमक्याने चोरी केली असा मला संशय आहे' या वाक्याचे भाषांतर 'आय डाउट' या शब्दांनी आरंभिले, की तो त्या अमक्यावर आरोप करावयास निघून त्याची तरफदारी करून परत येतो. कारण 'आय डाउट' याचा अर्थ 'त्याने चोरी केली असेल असे मला वाटत नाही' असा होतो, आणि 'आय सस्पेक्ट' याचा 'त्यानेच केली असावी' असा. एकच मराठी शब्द, आणि त्याची ही दोन इंग्रजी रूपे एकमेकींकडे पाठ करून उभी!

हे असे का, याचा उलगडा शब्दांच्या मूळापाशी थोडाबहुत होतो. 'डाउट' या शब्दात जो 'बी' लिहावयाचा परंतु उच्चारावयाचा नाही, तो मूळच्या लॅटिन 'दुबितारे' या क्रियापदातला. फ्रेंच भाषेतून हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो 'बी' गळून गेला होता. पुढे सोळाव्या शतकाच्या सुमारास लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी तो पुन्हा नेऊन बसविला, आणि त्यांच्या त्या पांडित्याचा जाच भोर तालुक्यातील भोंगवलीच्या मुलास आजही सोसावा लागतो. या शब्दाच्या पोटी 'दुओ', म्हणजे आपला 'द्वि', आहे. मन द्विधा होणे हा त्याचा गाभा. 'सस्पेक्ट' मात्र 'सुब' म्हणजे खाली आणि 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे यांपासून झाला. या 'स्पेकेरे'चे आपल्या 'पश्यति'शी सख्खे नाते आहे. संस्कृतात हेरास 'स्पश' म्हणतात, तोही याच कुळीतला. तेव्हा 'डाउट' करणारा दोन वाटांच्या फाट्यावर थबकलेला असतो आणि 'सस्पेक्ट' करणारा खालच्या नजरेने कोणाकडे तरी पाहत असतो.

आमच्या शास्त्रकारांचा संशय या दोहोंहून वेगळा. गौतमाच्या न्यायसूत्रांत जे सोळा पदार्थ सांगितले आहेत त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा क्रम संशयाचा. तिन्हीसांजेस बांधावर काही उभे दिसते. तो झाडाचा खुंट आहे की मनुष्य आहे, हे त्याचे परंपरागत उदाहरण. येथे दोन्ही पारडी समान असतात. इंग्रजीत या समतोल अवस्थेस जवळचा शब्द 'वंडर' हा होय. 'आय वंडर' म्हणणारा अद्याप कोणत्याही बाजूस झुकलेला नसतो. 'डाउट' म्हटले की पारडे नकाराकडे कलते, 'सस्पेक्ट' म्हटले की होकाराकडे.

मग मराठीस हा कल दाखविता येत नाही काय? येतो, आणि फार थोड्या खर्चात येतो. 'तो आला असेल याची मला शंका आहे' आणि 'तो आला असावा अशी मला शंका आहे' ही दोन वाक्ये घरातील कोणाही वडीलधाऱ्या स्त्रीपुढे ठेवावी. पहिल्यात तो बहुधा आलेला नाही आणि दुसऱ्यात तो बहुधा आलेला आहे, हे ती व्याकरण न शिकता सांगेल. 'याची' आणि 'अशी' एवढ्या दोन चिमुकल्या शब्दांनी, जोडीला 'असेल' आणि 'असावा' यांच्या साहाय्याने, आपण ते काम उरकतो. इंग्रज जो कल क्रियापदात साठवितो तो आपण वाक्याच्या सांध्यात साठवितो. शब्दकोशास सांधे दाखविता येत नाहीत, म्हणून वहीत दोन्ही शब्दांपुढे 'संशय' पडतो.

येथवरचा विषय शाळेचा झाला. परंतु हाच घोळ न्यायालयाच्या बातमीत शिरला म्हणजे त्याची किंमत एखाद्या घराण्याच्या अब्रूएवढी होते. वर्तमानपत्रात आरंभी येते, 'संशयितास अटक'. काही वर्षांनी त्याच मनुष्याबद्दल येते, 'संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता'. वाचणाऱ्यास वाटते की संशय तोच आहे. तेव्हाही होता, आताही आहे, केवळ सरकारने उदार होऊन सोडून दिले! मग त्या घरच्या मुलीचे स्थळ पाहावयास आलेली मंडळी चहा घेऊन निघून जातात. वस्तुतः पहिल्या बातमीतील संशय 'सस्पिशन' आहे, तो माणसावर असतो. दुसऱ्या बातमीतील संशय 'डाउट' आहे, तो पुराव्यावर असतो. पहिला आरोपीच्या विरुद्ध उभा राहतो, दुसरा त्याच्या बाजूने. नावे एक झाल्यामुळे सुटलेला मनुष्यही पहिल्या संशयाचे ओझे जन्मभर वाहतो.

न्यायाधीशांनी हा भेद फार काटेकोरपणे पाळला आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली 'मे बी' आणि 'मस्ट बी' यांमधील अंतर मोठे असल्याचे सांगितले. म्हणजे आपल्या भाषेत 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे'. पुढे पुण्यातील एका खुनाच्या खटल्यात सेशन कोर्टाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने आरोपीस सोडून दिले. त्या निकालात केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा द्यावयाची तर कोणत्या पाच कसोट्या लावाव्या हे सांगितले असून, संशय कितीही बळकट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हेही बजावले आहे. हा जो बळकट संशय, तो 'सस्पिशन' होय. त्याच निकालाने आरोपीच्या पदरात जो संशय टाकला तो 'डाउट' होय. दोहोंस मराठीत एकच शब्द घालून हा निकाल कोणास वाचून दाखवावा, म्हणजे ऐकणारा गोंधळून का जातो ते कळेल.

आता, 'संशयाचा फायदा' मिळणे आणि सन्मानपूर्वक सुटणे यांत सरकारी नोकरीच्या, विशेषतः पोलिसभरतीच्या, प्रकरणांत न्यायालयांनीच भेद केलेला आहे. तेव्हा लोक सर्वस्वी चुकतात असेही म्हणवत नाही. तथापि नोकरीस घेणे न घेणे हा एक प्रश्न आणि शेजाऱ्यास गुन्हेगार मानणे हा दुसरा. आमच्या मते बातमीदारांनी 'शंकेचा फायदा' असे लिहावे आणि 'संशय' हा शब्द 'संशयिता'पुरता राखून ठेवावा. शंका विधानावर घेतली जाते, संशय माणसाचा घेतला जातो, हा कल मराठीत थोडासा आहेच. त्यास खतपाणी घातले की झाले. 'लघुशंके'ची आठवण होऊन कोणी हसेल, तर हसू द्यावे.

जाता जाता शंकेचे आणखी एक इंग्रजी सोंग. आपले विद्यार्थी वर्गात उठून 'आय हॅव अ डाउट' म्हणतात, आणि हिंदुस्थानात कोणासही ते खटकत नाही, कारण येथे शंका म्हणजे विचारावयाचा प्रश्न. परंतु परदेशच्या विश्वविद्यालयास अर्ज धाडताना 'आपल्या सूचनेविषयी माझा एक डाउट आहे' असे लिहिले, तर वाचणारा समजेल की या मुलाचा आमच्या सूचनेवर विश्वास नाही. तेथे साधा 'क्वेश्चन' लिहावा. घरातून कोणी असे पत्र धाडीत असेल, तर पाकीट बंद करण्यापूर्वी तेवढा शब्द पाहून घ्यावा.